दुसरा पोपट आणाल, पण दुसरा पिंजरा कुठं ठेवाल?

वाचकाचा प्रश्न: बेळगावच्या वडगावातून एका ताईंनी लिहिलंय. घरात चार वर्षांचा कॉकाटील आहे, चिंटू. मुलानं हौसेनं आणला आणि वर्षभरात तो नोकरीला बेंगळुरूला गेला, तेव्हापासून चिंटूचं सगळं ताईंकडे. चिंटू शिट्ट्या मारतो, मुलाच्या आवाजात "काय करायलास?" विचारतो, शेजारच्या अक्कांचं ऐकून कानडीत "बा, बा" करून बोलावतो. मागच्या दिवाळीत मागीलदारचे चार यंत्रमाग विकून टाकले, तो खर्च-जमेचा ताळमेळ ताईंनी लिहिला आहे. त्यानंतर चिंटू दिवसभर कर्कश ओरडू लागला आणि आता छातीवरची पिसं उपटतो. मिस्टरांचं म्हणणं, त्याला जोडीदार आणा म्हणजे गप्प होईल. बाजारात लव्हबर्ड मिळतात. खानापूर तालुक्यातल्या नणंदबाई म्हणतात, शेतातल्या झाडाच्या ढोलीतलं राघूचं पिल्लू देते, फुकट. ताई विचारतात: कुठला आणू, दोघांची ओळख कशी करून देऊ, आणि दुसरा आल्यावर चिंटू आमच्याशी बोलायचा बंद होईल का? सासूबाईंना दमा आहे, तो त्रास वाढणार नाही ना, हे पत्राच्या अगदी शेवटी आहे.

ताई,

माग विकल्याचं तुम्ही हिशेबाच्या ओघात लिहून पुढं गेलात. मी मात्र तिथंच थांबले. चिंटू तुमच्या घरी आला तेव्हा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत भिंतीपलीकडं खटखट चालू असायची. माणसं ये-जा करायची, कांड्या भरणाऱ्या बायका बोलायच्या, कुणी ना कुणी पिंजऱ्यापाशी थांबून शीळ घालायचं. एका दिवाळीत हे सगळं बंद पडलं. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियातला, काकाकुवाच्या कुळातला, थव्यानं राहणारा पक्षी. थवा चरत असतो तेव्हा आवाज चालू असतो. ससाणा दिसला की सगळे एकदम चिडीचूप होतात. म्हणजे शांतता ही त्याच्या लेखी धोक्याची खूण आहे. तुम्हाला जे घर आता निवांत वाटतं, ते त्याला सहा-सात महिने धोक्याचं वाटत असेल, तर त्यानं ओरडू नये तर काय करावं? ते ओरडणं म्हणजे हाक आहे, कुठं आहात सगळे, अशी.

त्या हाकेला घरातून काय उत्तर मिळतं, तेही तुम्हीच लिहिलंय. तुम्ही कणीक तशीच टाकून पळत जाता, आणि मिस्टर घरी असले की वैतागून पिंजऱ्यावर चादर टाकतात. पळत गेलात की तो शिकतो, जोरात ओरडलं की माणूस येतं. चादर टाकली की अंधार होतो आणि भीती वाढते. त्यापेक्षा तो हाक मारायच्या आधीच, स्वयंपाकघरातून अधूनमधून तुम्ही शीळ घाला. त्यानं शीळेनं उत्तर दिलं की लगेच परत द्या. किंचाळला तर काही सेकंद थांबा, गप्प होऊ द्या, मग बोला. पहिला आठवडा ओरडणं वाढेल आणि शेजारच्या अक्का विचारायला येतील. त्यांना सांगून ठेवा. दुपारी घर सुनं असेल तेव्हा रेडिओ लावा. आकाशवाणी धारवाड लावा नाहीतर सांगली, चिंटूला सीमावाद ठाऊक नाही.

आता मिस्टरांच्या म्हणण्याकडं येते. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पक्षी थव्यातला, त्याला पक्ष्याची सोबत हवी असणं अगदी साहजिक आहे. पण चिंटू पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातावर वाढला आणि चार वर्षांत त्यानं दुसरा कॉकाटील पाहिलेला नाही. त्याचा थवा म्हणजे तुम्ही. त्याच्यासमोर उद्या एक अनोळखी पक्षी आणून ठेवला तर तो त्याला भाऊ मानेल, की घरात घुसलेला परका मानेल, हे मी सांगू शकत नाही, दुकानदारही सांगू शकत नाही. काही जोड्या महिन्याभरात एकमेकांची मान खाजवायला लागतात. काही नुसत्या एकमेकांना चालवून घेतात. आणि काही पक्षी वर्षानुवर्षं एका दांडीवर बसत नाहीत, बसले की टोचतात.

म्हणून कुठला आणू याच्या आधी एक प्रश्न घरात सगळ्यांनी बसून सोडवा. त्या दोघांचं कधीच जमलं नाही, तर दोन पिंजरे, दोघांची वेगवेगळी साफसफाई, दोघांना वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडणं, हे पुढची पंधरा-वीस वर्षं कराल का? कॉकाटील नीट सांभाळला तर तेवढा जगतो. उत्तर हो असेल तर आणा, जमलं तर आनंदच आहे. "नाही जमलं तर कुणाला तरी देऊन टाकू" असं उत्तर आलं तर आणू नका. चिंटूचं औषध म्हणून आणलेल्या त्या पक्ष्याचं काय होतं, ते अशा बऱ्याच पत्रांतून मला कळतं. दोन महिन्यांत त्याच्यासाठी घर शोधायचं पत्र येतं.

आणि औषध हवं असेल तर आधी दुखणं तरी कळू द्या. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली छातीवरची चार पिसं उचला आणि उजेडात धरा. पीस पूर्ण असेल, देठ गुळगुळीत असेल आणि छातीवर कातडीतून नव्या पिसांच्या पांढऱ्या सुया वर येताना दिसत असतील, तर ती पिसगळ असू शकते, ती सगळ्याच पक्ष्यांना होते. पिसं कुरतडलेली, देठ चावलेला किंवा टोकाला रक्त लागलेलं असेल, कातडी उघडी पडली असेल, तर तो उपटतोय. उपटण्यामागं एकटेपणा असतो, तशीच ऊ-गोचीड, कातडीचा विकार, यकृताचा आजार, जीवनसत्त्व अ ची कमतरता हीही कारणं असतात. जोडीदारानं यातलं काही बरं होत नाही. जनावरांच्या दवाखान्यात नेण्याआधी फोन करून विचारा, पक्षी बघतात का. आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी आणि कुत्र्यांत जातो, ज्यांना पक्ष्यांची सवय आहे अशांपर्यंत पोचायला दोन-तीन फोन करावे लागतील. जाताना त्या दिवसाची विष्ठा कागदावर घेऊन जा आणि ती पिसंही न्या.

खाण्याबद्दल थोडं रागावते. सूर्यफुलाच्या बिया, चहाच्या वेळी भडंग, आणि पाहुणे आले की कुंद्याचा कण! पाहुण्यांना द्या हो कुंदा. पक्ष्याला दूध पचत नाही, साखरेची गरज नाही, आणि भडंगातलं तेल-मीठ एवढ्याशा जिवाला फार होतं. सूर्यफूल म्हणजे नुसती चरबी, ते बक्षिसापुरतं दोन-चार दाणे. रोजच्याला राळे, नाचणी, जोंधळा चालतो आणि रविवार पेठेत सगळं मिळतं. त्याच्या जोडीला मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. जीवनसत्त्व अ तिथून येतं. पहिले काही दिवस तो पाल्याकडं ढुंकून बघणार नाही. तुम्ही त्याच्यासमोर खा, तो येईल. अवाकाडो आणि चॉकलेट मात्र कधीच नाही, ती त्याला विष आहेत.

राळ्याची आख्खी कणसं कुणा शेतकऱ्याकडून मिळाली तर सोनंच. एक कणीस पिंजऱ्याच्या वरच्या कडेला उलटं टांगा. चिंटू आधी लांबून मान वाकडी करून बघेल, मग तुरा ताठ करून एक पाय पुढं टाकेल, मग दाणा दाणा काढत तास घालवेल. मक्याच्या कणसाची साल फाडायला द्या, कागदाच्या पुडीत दाणे बांधून द्या. रानात या पक्ष्याचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. तुमच्याकडं वाटी भरून समोर येते, मग उरलेल्या दिवसाचं त्यानं काय करायचं? त्यातलं थोडं काम तो स्वतःच्या छातीवर करतो.

हे सगळं दोन महिने करून बघा. मग दुसऱ्या पक्ष्याचं बोलू. तरीही बोलायचंच झालं, तर काय आणायचं नाही ते आधी सांगते.

नणंदबाईंचं पिल्लू नाही. राग मानू नये, त्यांनी मायेनंच विचारलंय, आणि आपल्या भागात दारात टांगलेला राघू हा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज आहे. पण आपले रानातले पोपट, कंठवाला राघू, मोठा पहाडी, लाल डोक्याचा तोता, हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि त्यात राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. ढोलीतून पिल्लू काढणं, विकणं, घेणं, पाळणं हा गुन्हा आहे. तुरुंग आणि दंड दोन्ही होऊ शकतात. फुकट मिळालं म्हणून सुटका नाही. कायदा बाजूला ठेवला तरी राघू चिंटूपेक्षा मोठा, त्याची चोच जाड, गजांतून चिंटूचं बोट धरलं तर बोट जाईल. पिल्लू अजून ढोलीत असेल तर तिथंच राहू दे म्हणावं. खाली पडलं असेल आणि धडधाकट असेल तर परत ढोलीत ठेवावं, माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकतात ही समजूत खरी नाही. जखमी असेल तर वनखात्याच्या कचेरीत कळवावं. ज्या वाचकांच्या घरी आधीच राघू आहे त्यांनी हे वाचून घाईघाईनं पिंजरा उघडू नये. माणसाळलेला, पंख कापलेला राघू बाहेर दोन दिवस टिकत नाही, मांजर नाहीतर कावळे त्याला संपवतात. वनखात्याशी बोलूनच काय ते करावं.

लव्हबर्डही नको. नाव गोड आहे, स्वभाव नाही. आपल्याहून मोठ्या पक्ष्याच्या पायाची बोटं चावायची त्यांची खोड पक्षी पाळणाऱ्यांत प्रसिद्ध आहे, आणि कॉकाटील स्वभावानं भित्रा, तो उलट चावत नाही, नुसता मागं सरकतो. बजरीगर छोटा आणि तसा निरुपद्रवी, पण तो दिवसभर अंगचटीला येतो, कॉकाटील कंटाळतो. आणायचाच तर दुसरा कॉकाटील, आणि शक्यतो नरच. नर-मादी आणलीत तर अंडी आलीच. एका वेळी चार-सहा अंडी, मादीच्या अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं आत अडकलं तर ती मरते. दुकानदार पिंजऱ्याबरोबर भोकाचं छोटं मडकं हमखास गळ्यात मारतो. ते घेऊ नका. मडकं दिसलं की पक्ष्याला घरट्याचे वेध लागतात. राखी रंगाच्या कॉकाटीलमध्ये मोठं झाल्यावर नराचा चेहरा पिवळाधमक होतो आणि मादीच्या शेपटीखाली बारीक पट्टे राहतात, पण पिल्लात दोन्ही सारखीच दिसतात. खात्री हवी असेल तर पिसावरून डीएनए तपासणी होते. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

परदेशी पक्ष्यांच्या नोंदणीबद्दलही बरेच जण विचारतात. कॉकाटील आणि बजरीगर यांना ती लागत नाही. पण सन कॉन्युर किंवा आफ्रिकन ग्रे घरात असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, नवीन आणल्यास तीस दिवसांच्या आत.

आता सासूबाई. ताई, दम्याचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. माझ्या हिशेबात ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. कॉकाटीलच्या अंगावर पांढरी भुकटी असते. चिंटूनं पंख झटकले की उन्हाच्या पट्ट्यात ती उडताना तुम्ही पाहिली असेल, टीव्हीवर बसणारी ती पांढरी पुटं तीच. पोपटवर्गीय पक्ष्यांत ही भुकटी सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी हा एक. दुसरा आला की भुकटी दुप्पट. सासूबाईंच्या डॉक्टरांना आत्ताच सांगा, घरात कॉकाटील आहे म्हणून. ते नको म्हणाले तर विषय तिथंच संपला, मिस्टरांनीही हट्ट धरू नये. हो म्हणाले तरी पिंजरे त्यांच्या खोलीपासून लांब, झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं, आणि चिंटूला एक दिवसाआड साध्या पाण्याचा फवारा. आंघोळ त्याला आवडेल आणि भुकटीही बसेल. पावसाळ्यात मात्र दुपारच्या आत, म्हणजे संध्याकाळच्या गारठ्याआधी अंग वाळलं पाहिजे.

डॉक्टर हो म्हणाले, दोन महिने झाले, दोन पिंजऱ्यांची तयारी आहे, तरच पुढचं वाचा.

तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी बहुतेकांकडं नसते, मोकळी खोली. मागाची खोली नीट धुऊन, सुताची धूळ काढून, भिंत ओली नाही ना ते बघून नव्या पक्ष्याला तिथं ठेवा. तीस ते पंचेचाळीस दिवस. एकाच घरात दोघं, पण एकमेकांना दिसत नाहीत. हे वाचून सगळे कुरकुरतात आणि आठ दिवसांत पिंजरे शेजारी आणतात. दुकानात वीस पिंजरे एकावर एक रचलेले असतात, तिथून आलेला पक्षी वरवर ठणठणीत दिसला तरी आजार घेऊन येऊ शकतो. त्यातला सिटाकोसिस माणसालाही होतो: ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. घरात कुणालाही असं झालं तर डॉक्टरांना पक्ष्याबद्दल सांगायचं, नाहीतर त्यांच्या ते डोक्यात येणार नाही. वेळेवर ओळखला तर बरा होतो. या दिवसांत आधी चिंटूचं सगळं करायचं, मग नव्याचं, भांडी वेगळी, हात साबणानं धुवायचे, आणि नव्याची विष्ठा एकदा तपासून घ्यायची. दोघं एकमेकांचे आवाज मात्र भिंतीतून ऐकतील. ते चांगलंच आहे, अर्धी ओळख तिथंच होते.

मग नव्याचा पिंजरा चिंटूच्या खोलीत, पण समोरच्या भिंतीला. रोज थोडा पुढं सरकवा. घाई चिंटूच्या तुऱ्यावरून ठरवा. तुरा डोक्याला चिकटवून, अंग लांब करून तो फिस्स करत असेल, तर पिंजरा कालच्या जागी मागं न्या. तुरा निम्मा उभा, एका पायावर बसलाय, चोच घासतोय, म्हणजे ठीक. सगळ्यात चांगली खूण म्हणजे दोघंही एकाच वेळी खायला लागणं, कारण घाबरलेला पक्षी जेवत नाही. दोन पिंजऱ्यांत हातभर अंतर कायम राहू द्या. सकाळी पहिली हाक चिंटूला, पहिलं कणीस चिंटूला. घर त्याचं आहे, ते त्याला रोज कळू द्या.

बाहेर एकत्र सोडाल तेव्हा चिंटूच्या पिंजऱ्यावर नाही, दोघांनाही नवख्या जागी, टेबलावर किंवा जमिनीवर. पंखा बंद, खिडक्या बंद, आरसा झाकलेला, गॅसवर काही नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुरानं पक्षी काही मिनिटांत मरतो, हे माहीत नसलेली घरं अजून फार आहेत. पहिल्यांदा दहा मिनिटं पुरे. टोचाटोच झाली तर मध्ये हात घालू नका, पुठ्ठा घाला. एका पिंजऱ्यात ठेवायची गोष्ट काही महिन्यांनी, ती झालीच पाहिजे असं नाही, आणि रात्री तर नकोच. कॉकाटील अंधारात दचकून फडफडतात, एक फडफडला की दुसरा जखमी होतो. छोटा दिवा राहू द्या.

शेवटी तुमचा तो प्रश्न, चिंटू आमच्याशी बोलायचा बंद होईल का. होऊ शकतं. दोघांचं खूप जमलं तर "काय करायलास" कमी ऐकू येईल, मुलाचा आवाज घरात त्या मानानं कमी होईल. वेगळे पिंजरे ठेवलेत आणि रोज संध्याकाळी प्रत्येकाला एकेकट्याला पंधरा मिनिटं दिलीत, तर बरंचसं टिकतं. सगळं टिकेल असं वचन मी देणार नाही. आणि तो आवाज कमी झालेला तुम्हाला सोसणार नसेल, तर मिस्टरांना स्पष्ट सांगा की दुसरा नको. एवढं कारण पुरे आहे, त्याला कायद्याचा किंवा डॉक्टरांचा दाखला लागत नाही.